आढ्यावरचं पहिलं कवेलू

माझा धाकटा भाऊ फुटबॉल कुठं शिकला, असं लोक मला अजून विचारतात. विचारणाऱ्याच्या डोक्यात एक मैदान असतं, शिट्टीवाला मास्तर असतो आणि पहाटे उठून धावणारं पोरगं असतं. मी सांगते, इचोड्यात, ढाब्याच्या छपरावर. मग ते हसतात आणि मला राग येतो. या वयात मी बऱ्याच गोष्टींवर रागावणं सोडून दिलंय, पण ही त्यातली नाही. कारण मी तिथं होते. खाली उभी राहून त्याला कवेलू फेकत होते.

कवेलू म्हणजे कौलं. आमच्या आदिलाबादकडं तेव्हा अर्धगोल, कुंभाराच्या हातची कवेलू असायची. वर्षभर त्यांच्यावर माकडं नाचायची, मांजरं भांडायची, वारा आपला हात साफ करून घ्यायचा. म्हणून उन्हाळा सरताना सगळं छप्पर उघडायचं, फुटकी कवेलू बाजूला काढायची, चांगली झाडून पुन्हा रचायची. याला कवेलू फेरणं म्हणतात. माझा बा शेतमजूर होता, पण वैशाख लागला की कवेलू फेरायला त्याला इचोड्यापासून नार्नूरपर्यंत बोलावणी यायची. त्याच्या हातून कवेलू फुटत नाही, अशी त्याची ख्याती होती.

या कामाचा एक रिवाज होता. छपराच्या माथ्यावर, आढ्यावर, जी कवेलूंची रांग असते तिच्यातलं पहिलं कवेलू कारागिरांच्या घरातल्या वयानं सगळ्यांत मोठ्या माणसानं काढायचं. ते कपाळाला लावून खाली द्यायचं. आणि आढं ज्यानं उघडलं, त्यानं छप्पर पूर्ण झाकल्याशिवाय गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर त्या छपरावरून कुणीतरी पडतं. माझा बा दर पौर्णिमेला विहारात जाणारा माणूस. अंगारे-धुपारे, उतारे, नवस, सगळ्यांची टर उडवायचा. पण एवढी एक गोष्ट मात्र मानायचा.

त्यात झालं असं, की एका वर्षी मामा वारल्याचा निरोप आला आणि बा एक छप्पर उघडं टाकून निर्मलला गेला. परत आला, छपरावर चढला, आणि त्याच दिवशी पडला. गुडघा कायमचा गेला. मी म्हटलं, दोन दिवस झोप नाही, पोटात अन्न नाही, म्हणून पडला. माय म्हणाली, "तू शिकेल हायेस, तुले सगळंच समजते." त्यानंतर बा निसणीवर, म्हणजे शिडीवर, पाय ठेवायचा तो फक्त पहिलं कवेलू काढण्यापुरता. मग खाली बसून फुटकी-चांगली निवडायचा. कवेलूवर बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. ठण्ण वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडकलेलं. वर माझा भाऊ जायचा.

भाऊ तेव्हा सतरा-अठराचा असेल. दहावीत गणितानं दगा दिला होता आणि त्यानं ते फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. लांबच लांब हात, बोलणं कमी. फुटबॉल म्हणाल तर शाळेत एकच चेंडू होता. त्याच्यानंच व्हॉलीबॉल, त्याच्यानंच फुटबॉल आणि पेरूही त्याच्यानंच पाडायचे. मी आदिलाबादला मास्तरकीचं शिक्षण घेत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले की मला कवेलू फेकायच्या कामाला जुंपायचे. शिकलेल्या पोरीनं मातीनं लाल झालेले हात घेऊन हमरस्त्यावर उभं राहायचं, याची मला भयंकर लाज वाटायची. भाऊ वरून पंजा उघडून दाखवायचा. म्हणजे, फेक. मी दोन कवेलू एकात एक बसवून वर फेकायचे. तो ती झेलायचा, आणि झेलताना त्याचा हात पुढं यायचा नाही. तो मागं जायचा, कवेलूसोबत, जणू कवेलूला कुठं जायचंय ते त्याला आधीच माहीत आहे. आवाज म्हणून व्हायचा नाही.

त्या दिवशी हमरस्त्यावरच्या एका ढाब्याचं छप्पर होतं. सकाळी बा नेहमीप्रमाणे निसणीवर चढला, आढ्यावरचं पहिलं कवेलू काढलं, कपाळाला लावलं, मला दिलं आणि कण्हत उतरला. दुपारपर्यंत भावानं निम्मं छप्पर रचून आणलं. उरलेलं निम्मं उघडं, नुसते वासे आणि बांबूच्या कामट्या. बाकीचं काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालणार होतं.

तेवढ्यात एक बस ढाब्यासमोर येऊन वाकडी उभी राहिली. अ‍ॅक्सल मोडला होता. आतून एकसारख्या बनियनातली पंचवीसेक दांडगी माणसं उतरली. हैदराबादचा फुटबॉलचा क्लब होता, पगारी खेळाडूंचा. नागपूरकडं सामने खेळून परत निघाले होते. मे महिन्यात नागपूरला पळायला जाणारी माणसं बघून, कवेलू झाडत बसलेल्या माझ्या मायला त्यांच्या डोक्याची काळजी वाटली. ड्रायव्हर सुटा भाग आणायला ट्रकमध्ये बसून आदिलाबादला गेला. त्यांचे प्रशिक्षक, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन लिंबाखालच्या बाजेवर आडवे झाले. पोरांनी जेवण करून अंगणात चेंडू काढला.

पहिला चेंडू छपराकडं गेला तो चुकून. भावाच्या डाव्या हातात दोन कवेलू होती. त्यानं उजवा हात लांब करून चेंडू छातीशी घेतला, कवेलू बाजूला ठेवली, मग चेंडू खाली टाकला आणि पुन्हा कामाला लागला. एवढंच. पण खालचं एक उंच पोरगं हसायचं थांबलं. त्यानं चेंडू पायाशी घेतला, छपराकडं बघितलं आणि मुद्दाम हाणला.

बा ओरडला, "ओ साहेब! काऊन असं करून राह्यले? कवेलू फुटतीन ना!"

ढाब्याचा मालक तेलुगू शेट. तो गल्ल्यावरून धावत आला, "ओरेय, पेंकुलु! पेंकुलु!" म्हणून आपल्या कौलांच्या नावानं ओरडला, आणि तोही बघतच राहिला.

कारण भाऊ चेंडू झेलत होता. पोरांना चेव आला. आता सगळेच मारायला लागले. नव्यानं रचलेल्या कवेलूंच्या दिशेनं चेंडू यायचा आणि मधे माझा भाऊ असायचा. तुम्ही कधी असल्या छपरावर उभे राहिला असाल तर तुम्हाला कळेल मी काय सांगते ते. पाय फक्त वाशावर ठेवायचा असतो. इकडं-तिकडं पडला तर खाली थेट चुलीवर. आणि तो खाली बघतसुद्धा नव्हता. उघड्या वाशांवरून तो या टोकाचा त्या टोकाला जात होता, आणि प्रत्येक चेंडू पोटाशी घेऊन, वाकून, अलगद खाली सोडत होता. मी त्याला लहानपणापासून बघत होते. त्याचं नाक पुसलं होतं, त्याला बदडलंही होतं. त्या दुपारी मला वाटलं, मी याला ओळखतच नाही.

शेवटी त्या उंच पोरानं पाच-सहा पावलं मागं जाऊन आढ्याच्या कोपऱ्याकडं चेंडू मारला. भाऊ आढ्याच्या लाकडावर लांबलचक आडवा झाला, एक हात बाहेर. चेंडू त्या हाताला लागून थांबला. नुसता थांबला. तो तसाच पडून राहिला, कवेलूला धक्का लागू नये म्हणून, मग हळूच उठला. बाजेवरचे प्रशिक्षक कधी उठून उभे राहिले होते, माझ्या लक्षात आलं नाही. त्यांचा टॉवेल खाली पडला होता.

"नीचे उतर रे," ते म्हणाले.

भाऊ उतरला. त्यांनी त्याचा पंजा आपल्या पंजाला लावून बघितला. उलटा केला, सुलटा केला.

"किधर खेलता?"

भावानं छपराकडं बोट केलं. त्याला दुसरं काय सांगावं सुचलं नसेल.

प्रशिक्षक बाच्या दिशेनं वळले आणि म्हणाले, याला आमच्यासोबत पाठवा, असे हात मला पाहिजेत. माझ्या बाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं गंभीरपणे विचार केला आणि मला म्हणाला, "हैदराबादले कायचे कवेलू वो? तिथं तर समदे स्लॅब हायेत. याले नेऊन काय करतेत हे?"

माझ्या हिंदीची मला तेव्हा बरीच घमेंड होती. मी मधे पडले आणि सगळं नीट विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या मैदानावर नव्या पोरांची निवड होती. वर्षातून एकदाच व्हायची. निवडला गेला तर राहायचं, खायचं, शिकायचं, पुढं पगार. नाही निवडला तर ते स्वतः परतीच्या गाडीत बसवून देणार होते. बस दुरुस्त झाली की निघायचं. मी हे बाला आणि मायला समजावून सांगितलं. माय खाली बसली. मी भावाकडं वळले तर तो निसणीवर.

"कुठं चालला?"

"छप्पर उघडं हाय."

"अरे मूर्खा, ते तुले घेऊन चालले हैदराबादले!"

"आयकलं म्या. छप्पर उघडं हाय, बाई."

आमच्याकडं मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. मी त्याला मनात येईल ते बोलले. अडाणी म्हटलं, भित्रा म्हटलं, जन्मभर माती झेलत बस म्हटलं. तो वर पोचला, बसला आणि माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "बा पडला तवा काय झालतं, इसरली काय? मी गेलो तं वर कोन चढन? तूच ना?"

त्यानं पंजा उघडला. फेक.

मी फेकत सुटले. रागानं, रडत, तीन-तीन एकदम. मायही पदर खोचून कवेलू वाहून आणायला लागली. तोही असा भराभर रचत होता की मी तसं कधी पाहिलं नव्हतं. त्याला जायचं होतं हो! तोंडानं बोलत नव्हता, पण त्याचे हात बोलत होते. प्रशिक्षकांना मी कारण सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. माझ्या दारात पोरं रांग लावून उभी असतात आणि हा कौलं रचतोय, असं काहीसं पुटपुटले आणि पुन्हा बाजेवर बसले. पण त्यांची नजर छपरावरून हलली नाही.

ऊन कललं. ड्रायव्हर परत आला, बसखाली ठोकाठोक सुरू झाली. छपराची मोठी चौकट अजून उघडीच होती. कुणीही सांगितलं असतं, हे आज होत नाही. बसचं इंजिन सुरू झालं. पोरं एकेक करून चढली. प्रशिक्षक निसणीपाशी आले, वर बघत उभे राहिले आणि मान हलवून बसकडं निघाले. भाऊ थांबला नाही. फक्त एक कवेलू त्याच्या हातून वाकडं बसलं. ते त्यानं काढून पुन्हा बसवलं.

तेव्हा माझा बा उठला.

त्यानं हातातलं कवेलू खाली ठेवलं, चपला काढल्या आणि निसणीला हात घातला. माय किंचाळली. बा दुखऱ्या पायाला हातानं उचलून एकेका पायरीवर ठेवत चढत होता. मी धरायला गेले तर मला झिडकारलं. वर पोचल्यावर तो आढ्याला धरून उभा राहिला, दम खाल्ला आणि भावाला म्हणाला:

"सकायी आढ्याचं पह्यलं कवेलू कोनं काढलं?"

भावानं पुढचं कवेलू उचललं.

"बोल ना. कोनं काढलं?"

"तुमी."

"मंग आढं म्या उघडलं. छप्पर माह्यं हाय, तुह्यं नाई. तुले शीव ओलांडाले कोनी मना केलं? जाय."

"बा, तुमी पडसान."

"पडलो तं माह्या छपरावरून पडन. जाय म्हनलं ना!"

मी तिथं खाली उभी होते. हा माझा बा, चौथी नापास. ज्या एका गोष्टीला तो भीत होता, ती त्यानं अशी उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली, आणि रिवाजाचा एक शब्दही न मोडता पोराला मोकळं केलं. मी पुढं आयुष्यभर शाळेत मुलांना शिकवलं, सभांमधून मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली. त्या छपरावरच्या दोन वाक्यांच्या तोडीचं काही ऐकलं नाही.

भाऊ उतरला. बाच्या पाया पडावं तर बा वर होता, म्हणून निसणीच्याच पाया पडला. मायनं त्याच्या चेहऱ्यावरची लाल माती पदरानं पुसली, तेवढ्यात बसनं हॉर्न दिला. तो धावला, अनवाणी. दारातून आत ओढून घेणारा हात त्याच उंच पोराचा होता.

बस वळणाआड गेली. मी तशीच उभी. वरून बाचा आवाज आला, "पोरी, रडशीन मंग. फेक."

त्यानं पंजा उघडला होता. मी फेकलं. त्याचा हात मागं गेला, कवेलूसोबत, आणि आवाज झाला नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते झेलणं भावाचं आहे. दिवेलागणीपर्यंत आम्ही काम केलं, बा रात्री ढाब्यावरच झोपला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आढ्यावरचं शेवटचं कवेलू त्यानं बसवलं. तो पडला नाही. गुडघा मात्र भोपळ्याएवढा सुजला आणि तो पाऊसकाळ त्यानं बाजेवर काढला. त्यानंतर तो कुठल्याच छपरावर चढला नाही.

भावाला त्या सकाळी ठेवून घेतलं, पण त्याचं काही सोपं झालं नाही. चेंडू हवेतून आला की गोलकीपरनं मुठीनं हाणून लांब घालवायचा असतो म्हणे. हे त्याला जमेचना. आलेली वस्तू हाणायची कशी, असं तो विचारायचा आणि बाकीची पोरं पोट धरून हसायची. एक सबंध वर्ष तो राखीव पोरांतही राखीव होता. बूट घालून चालायलाच त्याला महिने लागले. दुसऱ्या उन्हाळ्यात क्लबनं त्याला पगारावर घेतलं, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात, पहिला गोलकीपर जखमी झाला म्हणून, मोठ्या सामन्यात उभं केलं. आम्ही तिघं बसनं हैदराबादला गेलो. मी तोवर नोकरीला लागले होते.

एवढं मोठं मैदान बाला पटलंच नाही. "एवढी जागा मोकळीच ठेवली?" तो म्हणाला. मग दूरवर, जाळ्यापुढं, हिरव्या बनियनात त्याला आपलं पोरगं दिसलं. चेंडू आला. भावानं पोटाशी घेतला, हात मागं नेत, आणि वाकून जमिनीवर अलगद ठेवला. आजूबाजूचे लोक हसले. बाच्या ओठांतून हळूच आलं, "नाई फुटलं." पुन्हा चेंडू आला. "नाई फुटलं." दर वेळी तेच. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. माय विचारत होती, काय झालं, हरला काय?

आणि मग, सामना संपायला थोडाच वेळ असताना, एक साधा चेंडू आला आणि त्याच्या हातांतून निसटून जाळ्यात गेला. सबंध मैदान त्याच्यावर तुटून पडलं. उर्दूत, तेलुगूत, हिंदीत, ज्याला जी येते त्या भाषेत लोकांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो आपल्या दोन्ही पंजांकडं बघत उभा होता. तो तिथंच संपणार, हे मला दिसत होतं. पुन्हा त्याला कुणी उभं करणार नव्हतं, आणि त्याचेही हात पुन्हा उघडले नसते.

बा माझ्या खांद्याला धरून उठला. काठी खाली पडली. छपरावरून मला हाक मारायचा त्या आवाजात तो ओरडला, "फुटू दे! एखांदं फुटतेच! पुढचं घे!"

आमच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एवढ्या गोंगाटात त्याला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. भाऊ म्हणतो, गेलं. त्यानं मान वर केली, आमच्या दिशेनं पाहिलं. मग समोर मैदानात उभ्या असलेल्या सगळ्यांकडं वळला आणि पंजा उघडला.

फेक.